बांध वरच्याचा, पाणी खालच्याला

उतारावर ज्याचं शेत आहे, त्याने आपल्या शेतात बांध घातला तर फायदा कुणाचा होतो? माती त्याची वाचते, थोडी ओलही त्याच्या रानात टिकते. पण बांधाआड अडलेलं बरंचसं पाणी मुरतं आणि खडकाच्या भेगांतून सरकत खालच्या अंगाच्या विहिरींत उतरतं. बांधाखाली जमिनीची पट्टी गेली वरच्याची, घाम गाळला वरच्याने आणि रब्बीला पाणी मिळालं खालच्याला. यात खालच्याने काही चोरी केलेली नाही. त्याने पैसे दिले काय, न दिले काय, पाणी त्याच्या विहिरीत येणारच. मग त्याने खर्चाचा वाटा का उचलावा? आणि तो उचलणार नसेल, तर वरच्याने बांध का घालावा?

जालना जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. जमिनीखाली काळा पाषाण. आणि बागायत म्हटली की बहुतेक ठिकाणी विहीर नाही तर बोअर. अशा मुलखात एकाच्या बांधावर दुसऱ्याची विहीर अवलंबून असते आणि एकाची मोटार किती तास चालते यावर शेजाऱ्याची मोसंबी ठरते. खर्च इतरांनी करावा, लाभ मात्र आपल्यालाही मिळावा, आणि सगळ्यांनीच असा विचार केल्यामुळे काम उभंच राहू नये, याला अर्थशास्त्रात फुकट लाभार्थ्याचा प्रश्न म्हणतात. जालना जिल्ह्यातल्या काही गावांनी आणि खुद्द जालना शहराने या प्रश्नाचा अर्धा भाग सोडवून दाखवला आहे. उरलेला अर्धा जास्त अवघड आहे. पण पहिला अर्धा ज्या रीतीने सुटला, त्याच रीतीने दुसराही सुटेल, असं मला ठामपणे वाटतं.

दोन शेजारी आणि हजार शेजारी

दुकानात मिळणाऱ्या वस्तूचे दोन गुण असतात. पैसे न देणाऱ्याला दुकानदार ती नाकारू शकतो, आणि एकाने खाल्लेली भाकरी दुसऱ्याला खाता येत नाही. काही वस्तूंमध्ये हे दोन्ही गुण नसतात. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड घरपट्टी भरणाऱ्यावर पडतो तसाच थकवणाऱ्यावरही पडतो, आणि एक माणूस त्या उजेडातून गेला म्हणून दुसऱ्याला तो कमी पडत नाही. डासांची फवारणी, पुराला अडवणारी भिंत, साथीच्या रोगावर नजर ठेवणारी यंत्रणा या सगळ्या अशाच सार्वजनिक वस्तू. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये एका छोट्याशा निबंधात त्यांचं गणित मांडलं. अशा वस्तू बाजारावर सोडल्या तर त्या पुरेशा तयार होत नाहीत, कारण आपली गरज कमी सांगण्यात प्रत्येकाचा फायदा असतो, हे त्यांनी दाखवलं.

मूळ कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४० मध्ये दोन शेजाऱ्यांचं उदाहरण दिलं. दोघांच्या सामाईक कुरणात पाणी साचतं. ते काढून द्यायला दोघं सहज एकत्र येतात, कारण एकाने अंग काढलं तर काम बुडेल हे दोघांनाही दिसत असतं. तेच काम हजार जणांचं असेल तर जमत नाही, कारण प्रत्येक जण खर्च टाळून भार दुसऱ्यावर टाकायला बघतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मॅनकर ओल्सन यांनी १९६५ मध्ये याच मुद्द्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. सगळ्यांचं हित एक आहे म्हणून सगळे आपोआप एकत्र येतील, ही समजूतच त्यांनी खोडून काढली. मोठ्या गटात एकाचा वाटा इतका लहान असतो की तो दिला-न दिला तरी फरक दिसत नाही. म्हणून एक तर सक्ती हवी, नाही तर जो वाटा उचलेल त्याच्या पदरात स्वतंत्र काहीतरी पडायला हवं, असं ओल्सन यांचं सांगणं.

हा स्वभावाचा दोष नाही, रचनेचा आहे, हे एका प्रयोगातून छान कळतं. झुरिकमध्ये काम करणाऱ्या अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. आपण तो रुपयांत समजून घेऊ. चौघांचा गट, प्रत्येकाकडे २० रुपये. सामाईक पेटीत एक रुपया टाकला की चौघांनाही प्रत्येकी ४० पैसे मिळतात. म्हणजे गटाला मिळतात एक रुपया ६० पैसे, पण टाकणाऱ्याच्या हाती येतात ४० पैसेच. चौघांनीही सगळे पैसे टाकले तर प्रत्येकाच्या हाती ३२ रुपये येतात. तिघांनी टाकले आणि एकाने आपले २० खिशातच ठेवले, तर त्या एकाला मिळतात ४४ आणि तिघांना २४. लोक सुरुवातीला बऱ्यापैकी रक्कम टाकतात. पण कुणीतरी हात आखडता घेतोय हे दिसलं की बाकीचेही आखडतात, आणि दहाव्या डावापर्यंत पेटी जवळपास रिकामी होते. याच खेळात न देणाऱ्याला दंड करण्याची मुभा दिली, तेव्हा मात्र वर्गणी वाढत गेली. विशेष म्हणजे दंड करणाऱ्याला त्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे मोजावे लागत होते, तरीही लोकांनी दंड केला.

यातून निघणारी गोष्ट गावच्या कामात पडलेल्या कुणालाही पटेल. बहुतेक माणसं फुकटी नसतात. ‘बाकीचे करत असतील तर मीही करतो’ अशी त्यांची तयारी असते. बाकीचे खरंच करणार आहेत, याची खात्री मात्र त्यांना हवी असते. ती खात्री मिळेल अशी व्यवस्था उभी करणं, हेच खरं काम.

कडवंचीने घातलेल्या अटी

जालना तालुक्यातलं कडवंची हे गाव आज द्राक्षांसाठी ओळखलं जातं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते मराठवाड्यातल्या इतर कोरडवाहू गावांसारखंच होतं. १९९६ च्या सुमारास तिथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून काम सुरू झालं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांनी ते हाती घेतलं. या साऱ्या कामामागे विजयअण्णा बोराडे यांचं मार्गदर्शन होतं. सुमारे १,९०० हेक्टरच्या पाणलोटात माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं झाली. पडीक उतारावर समतल चर, घळींमध्ये दगडांचे अडथळे, शेतांत बांधबंदिस्ती आणि खाली नाल्यांवर बंधारे.

माथा ते पायथा हा क्रम फार महत्त्वाचा आहे. वरची कामं न करता खाली बंधारा बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. शेतातली बांधबंदिस्तीही सलग लागते. मधल्या एकाने आपल्या शेतात बांध घालू दिला नाही, तर त्याच्या रानातून सुटलेला लोंढा खालच्याचा बांध फोडतो. इथे एकाने अंग काढलं तर नुकसान त्याच्यापुरतं राहत नाही, साखळीच तुटते. म्हणून शंभरातल्या नव्वदांनी केलं तरी चालत नाही. जवळजवळ सगळ्यांनीच यावं लागतं.

ते कसं घडवून आणायचं, याचं उत्तर या कार्यक्रमाच्या अटींमध्ये होतं. नाबार्डमार्फत राबवलेल्या या कार्यक्रमात येणाऱ्या प्रत्येक गावाला त्या पाळाव्या लागत. पहिली अट, गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं. पैसा नंतर. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावरही मजुरीच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा श्रमदानातून यायला हवा. दुसरी अट, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. उपचार केलेल्या उतारावर मोकाट गुरं सोडायची नाहीत आणि झाड तोडायचं नाही. तिसरी, कारभार गावाच्याच पाणलोट समितीकडे. चौथी म्हणजे आखणीची पद्धत. एकेका गट नंबरावर शेतकऱ्याला घेऊन उभं राहायचं, जमिनीचा उतार आणि मातीची खोली पाहायची, आणि तिथे कुठला उपचार करायचा हे त्याच्या संमतीने कागदावर घ्यायचं.

या अटींकडे ओल्सनच्या चष्म्यातून पाहिलं की त्यांचं मर्म उलगडतं. आधी श्रमदान ही अट गावाच्या तयारीची परीक्षा होती, आणि शिवाय आपला शेजारी खरंच टिकाव घेऊन येतो का, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दाखवणारी रीतही होती. गटवार आखणीमुळे ‘गावाचं काम’ ही धूसर गोष्ट राहिली नाही. अमुक गटात अमुक इतके मीटर बांध, असा तिचा हिशेब झाला. ज्याने काम होऊ दिलं नाही तो कागदावरही दिसणार आणि शिवारातही. हजार जणांचा कारभार अशा रीतीने पुन्हा दोन शेजाऱ्यांच्या व्यवहाराजवळ आला.

भूमिहीनांना मात्र श्रमदानाच्या सक्तीतून वगळलेलं होतं. हे न्यायाचं होतं आणि शहाणपणाचंही. बांधाचा लाभ जमीनवाल्याला मिळणार असताना मजुराचा रोजगार बुडवून त्याच्याकडून फुकट काम घेतलं, तर तो उद्या चराईबंदी का पाळेल? श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी हेच सांगते. राजाने घराघरातलं सगळं दूध सक्तीने आणवलं, मुलं-वासरं उपाशी राहिली, तरी महादेवाचा गाभारा काही भरला नाही. सर्वांची पोटं भरून उरलेलं खुलभर दूध म्हातारीने आणलं तेव्हा तो भरला. ज्याची झेप जेवढी, तेवढाच वाटा मागितला तर तो मनापासून मिळतो.

कडवंचीला या कामाचं फळ मिळालं. विहिरींना पाणी वाढलं, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. कुटुंबांचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढल्याची नोंद हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या अभ्यासाने घेतली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, तेव्हा कडवंचीच्या द्राक्षबागा तग धरून होत्या.

घाणेवाडीचा गाळ

त्याच दुष्काळात जालना शहराचे हाल देशभर गाजले. शहराजवळ घाणेवाडीचा निजामकालीन तलाव आहे. तिथून शहराला उताराने, विजेशिवाय पाणी येतं. पण वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि तलावाची साठवण घटत गेली. तलाव सगळ्या शहराचा, म्हणजे गाळ काढण्याची जबाबदारी कुणा एकाची नाही. शहरातल्या नागरिकांनी, व्यापारी आणि उद्योजकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच स्थापन करून हे काम अंगावर घेतलं.

यंत्रांच्या खर्चासाठी वर्गणी जमली, हे मोलाचंच. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत सुंदर भाग गाळाच्या वाहतुकीचा आहे. गाळ काढण्याइतकाच तो वाहून नेण्याचा खर्च मोठा असतो. तलावातला गाळ म्हणजे शेतांतूनच वाहून आलेली कसदार माती. हलक्या, मुरमाड रानात ती पसरली की जमिनीचा कस आणि ओल धरून ठेवण्याची ताकद वाढते. म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांनी स्वतःचे ट्रॅक्टर आणून, स्वतःचं डिझेल जाळून गाळ नेला. शेतकरी गेला आपल्या रानासाठी, तलाव मोकळा झाला शहरासाठी. वाटा उचलणाऱ्याच्या पदरात स्वतंत्र लाभ पडला पाहिजे, हे ओल्सनने पुस्तकात लिहिलं होतं. जालन्यात ते ट्रॉल्या भरभरून घडलं. राज्य सरकारने २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबवली, तिचा पायाही हाच आहे.

तूर बदनापूरची, संकरित वाण जालन्याचे

फुकट लाभ रोखण्याचा आणखी एक मार्ग असतो. वस्तूच अशी करायची की पैसे न देणाऱ्याला ती मिळूच नये. त्याचंही ठळक उदाहरण याच जिल्ह्यात आहे.

नवं बियाणं तयार करायला दहा-बारा वर्षं संशोधन लागतं. पण सरळ वाण एकदा शेतकऱ्याच्या हाती गेला की तो त्यातलंच बी पुढच्या वर्षी पेरतो, भावकीत देतो, बाजारात मापाने विकतो. शेतकऱ्याचं हे बी राखणं मुळीच गैर नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने त्याचा तो हक्क मान्य केला आहे. मात्र संशोधनावर पैसा घालणाऱ्या कंपनीला यातून परतावा मिळत नाही. संकरित बियाण्याचं तसं नसतं. त्याच्या पिकातून राखलेलं बी पुढच्या पिढीत एकसारखं उगवत नाही, उत्पादन घटतं. म्हणून दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागते. कुंपण घालायचं काम निसर्गच करतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही कंपनी काढली. पुढे अनेक कंपन्या आल्या आणि जालना बियाण्याची बाजारपेठ म्हणून देशात नावारूपाला आलं. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हा सगळा उद्योग मुख्यतः संकरित बियाण्यावर उभा राहिला, तो या कारणाने.

याच जिल्ह्यात बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कडधान्यांचं संशोधन केंद्र आहे. तिथली बीडीएन-७११ ही लवकर येणारी तूर मराठवाड्यात घरोघर पोचली. ती सरळ वाण आहे. शेतकऱ्याला तिचं बी राखता येतं. अशा वाणावर खासगी पैसा सहसा लागत नाही, म्हणून ते काम करदात्यांच्या पैशातून चालणाऱ्या विद्यापीठाने करायचं असतं. जिथे कुंपण घालता येतं तिथे कंपनी येते, जिथे येत नाही तिथे सरकार हवं. ‘खासगी की सरकारी’ या वादात माणसं भांडतात, तेव्हा वस्तूचा हा गुण पाहायचंच राहून जातं.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. जमिनीखालच्या पाण्याला कुंपण घालता येत नाही, आणि ते रस्त्यावरच्या उजेडासारखं अखंडही नाही. एकाने उपसलं की दुसऱ्याला कमी पडतं.

बावीस लाख लिटर

भूजल खासगी आणि सार्वजनिक वस्तूंच्या मधल्या प्रकारात मोडतं. त्याला सामाईक संसाधन म्हणतात. सार्वजनिक कामात फुकट्या अंग काढून घेतो. सामाईक संसाधनात तो जरा जास्तच हात मारतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये खुल्या कुरणाचं उदाहरण घेऊन हे मांडलं. आणखी एक जनावर सोडण्याचा सगळा फायदा मालकाचा, पण कुरण उजाड होण्याचं नुकसान सगळ्यांमध्ये वाटलेलं. म्हणून प्रत्येक जण जनावरं वाढवत जातो आणि कुरण संपतं.

मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणात पाण्याची जागा फार थोडी. झिजलेल्या थरात आणि भेगांत मिळून खडकाच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के. दोन टक्के धरले तर एक घनमीटर खडकातून हाती लागतं अवघं २० लिटर पाणी. आता ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळं डोळ्यांपुढे आणा. त्यात जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. एवढं पाणी जमिनीतून उपसायचं, तर एक हेक्टर रानाखालचा अकरा मीटर जाडीचा पाणी धरून असलेला थर पूर्ण रिकामा करावा लागेल. आणि वर आणलेल्या त्या पाण्याला ऊन लागतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर बाष्पीभवन सहज होतं. म्हणजे काठोकाठ भरलेल्या एका तळ्यातून रोज सात ते नऊ हजार लिटर पाणी हवेत जातं. जमिनीखाली असतं तर ते तिथेच राहिलं असतं.

शेततळ्याची मूळ कल्पना चांगली आहे. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि पिकाला ताण बसला की एक-दोन पाणी द्यायचं. कडवंचीतही शेकडो शेततळी आहेत आणि दुष्काळात द्राक्षबागा तगल्या त्यांच्याच आधाराने. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली आणि राज्यभर तळी वाढली. पण प्लास्टिकचं अस्तर घातलेलं तळं जेव्हा विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरलं जातं, तेव्हा व्यवहारच बदलतो. जमिनीखाली जे सगळ्यांचं होतं, ते वर येताच एकाचं होतं. बियाण्याला निसर्गाने कुंपण घातलं, इथे ते प्लास्टिकच्या कागदाने घातलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विहिरी तुडुंब असताना जो आधी उपसून तळं भरेल, त्याची बाग मे महिन्यात हिरवी. जो थांबेल त्याच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ दिसणार. मग कोण थांबेल? बांध घातला सगळ्यांनी मिळून, मुरवलेलं पाणी मात्र ज्याच्याकडे मोठी मोटार, मोठं तळं आणि बँकेत पत आहे त्याच्याकडे जास्त गेलं, असं त्यातून घडू शकतं. लहान शेतकऱ्याने तेव्हा केलेल्या श्रमदानावर तो घोर अन्याय ठरेल.

कायदा आणि धोरणं या शर्यतीला थांबवत नाहीत, उलट बळ देतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, खालचं पाणी उपसण्याचा अधिकार त्याचा, अशी धारणा चालत आली आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. अडचणीतल्या शेतकऱ्याला तिचा आधार मिळतो, हे खरंच. पण जास्तीचा एक तास मोटार चालवायला काहीच पडत नसेल, तर थांबण्याचं कारणही उरत नाही. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, हे १९९३ च्या कायद्याने सांगितलं. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आणली. तो अंमलात यायलाच २०१४ उजाडलं. दरम्यान बोअरच्या गाड्या गावोगाव फिरतच राहिल्या. हजारो बोअरवर मुंबईतून किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून पहारा ठेवणं शक्यच नाही. तो गावातूनच ठेवावा लागतो.

नियम ज्यांचा, पहारा त्यांचा

हार्डिन यांना दोनच मार्ग दिसले होते. एक तर खासगी मालकी, नाही तर वरून सक्ती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तिसरा दाखवला. त्यांचं डॉक्टरेटचं संशोधनच भूजलावर होतं. लॉस एंजेलिसजवळच्या एका खोऱ्यात अति उपशामुळे समुद्राचं खारं पाणी जमिनीत शिरू लागलं, तेव्हा उपसा करणाऱ्यांनीच एकत्र बसून मर्यादा कशी ठरवली, हे त्यांनी १९६५ मध्ये अभ्यासलं. पुढे त्यांनी जगभरची कुरणं, जंगलं, मासेमारी आणि पाटपाण्याच्या व्यवस्था पाहिल्या आणि १९९० च्या पुस्तकात टिकाऊ व्यवस्थांची लक्षणं मांडली. हद्द स्पष्ट हवी, नियम जागेला साजेसे हवेत, ते करण्यात वापरणाऱ्यांचा हात हवा, पहारा आपल्यातल्याच माणसांचा हवा, दंड आधी सौम्य आणि मग चढता हवा, तंटा जवळच मिटावा आणि सरकारने या व्यवस्थेला मान्यता द्यावी. २००९ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

ही लक्षणं महाराष्ट्राला परकी नाहीत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. त्यामुळे कुणाला किती पाणी लागेल हे उघड असतं, चोरी लपत नाही. पाणी सोडणारा पाटकरी सगळ्या शेतकऱ्यांचा माणूस. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर ठरत नव्हता, कुटुंबातल्या माणसांवर ठरत होता. भूमिहीनालाही वाटा होता, ऊस वर्ज्य होता आणि लाभार्थ्याने खर्चातला आपला हिस्सा आधी भरायचा होता. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने, पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती, यावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावर पिकं ठरतात. कमी पावसाच्या वर्षी पिण्याचं पाणी आधी, मग जनावरांचं, मग शेतीचं.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कोण किती वापरतो, हे सगळ्यांना दिसतं. आंध्र प्रदेशातल्या दुष्काळी भागात शेतकऱ्यांनीच विहिरींची पातळी आणि पाऊस मोजून पीकपाण्याचा हिशेब मांडण्याचा मोठा प्रयोग झाला. केंद्राच्या अटल भूजल योजनेतही महाराष्ट्रासह सात राज्यांत गावपातळीवरचा ताळेबंद आणि जलसुरक्षा आराखडा मांडला गेला. मोजणी अवघड राहिलेली नाही. अवघड आहे ते मोजलेल्या आकड्यावर निर्णय घेणं आणि तो पाळणं.

म्हणून जालना जिल्ह्यातल्या पाणलोटाच्या गावांकडून मागणं आहे ते नव्या बंधाऱ्याचं नाही. माथ्यावर बांध घालताना गट नंबरनिहाय जो हिशेब झाला, तोच आता पायथ्याच्या उपशाचा व्हावा. पावसाळा संपला की ग्रामसभेने निरीक्षण विहिरींची पातळी फळ्यावर लिहावी. शिवारात किती तळी आहेत, त्यांतली ओढ्याच्या पाण्याने किती भरतात आणि बोअरच्या पाण्याने किती, याची यादी चावडीवर लागावी. विहीर-बोअरच्या पाण्याने तळं भरायला पावसाळ्यानंतर बंदी असावी. नवी बाग लावण्याआधी ग्रामसभेची संमती असावी. नियम मोडणाऱ्याला आधी समज, मग दंड, आणि त्याच्या अनुदानाच्या अर्जावर ग्रामसभेचा शेरा. सरकारने नव्या तळ्यासाठी आणि ठिबकसाठी पैसे देताना अशा गावाला पुढे घ्यावं, म्हणजे नियम पाळणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडेल.

हे सोपं नाही. बांध घालताना प्रत्येकाला थोडं द्यायचं होतं, उपसा आवरताना काहींना बरंच सोडावं लागणार आहे. द्राक्षाची बाग लावून कर्ज घेतलेल्याची भीती खरी आहे आणि तिचा विचार नियमांत व्हायलाच हवा, मुदत देऊन आणि टप्प्याटप्प्याने. पण पाणी तळाला गेलं की मोठ्या मोटारवाल्यालाही आणखी खोल बोअर घ्यावं लागतं, आणि त्या खर्चाला अंत नाही. शेजारी थांबणार असेल तर मीही थांबतो, असं म्हणणारे शेतकरी प्रत्येक गावात आहेत. त्यांना एकमेकांची खात्री देणारा नियम ग्रामसभेने करावा आणि स्वतः राखावा. ज्या गावांनी श्रमदानाचा नियम पाळून दाखवला, त्यांना हे जमणार नाही असं मानायला काहीच कारण नाही.